शाई फुटते तेव्हा

चित्र काढत बसलेल्या माणसाच्या पाठीमागे उभं राहायचं असेल तर सरकारने परवाना सक्तीचा करावा, असं माझं या आठवड्यात ठाम मत झालं आहे. दरवर्षी नूतनीकरण. फी दणकून.

माहिती आधी उरकते. माझी भाची नाशिकला कला महाविद्यालयात शिकते. इलस्ट्रेशनच्या तासाला सध्या शाईकाम चालू आहे. होल्डर, निब, वॉटरप्रूफ काळी शाई. खाली पेन्सिल चालणार नाही, खोडरबर घरी ठेवून यायचं. विषय ‘देऊळ आणि गर्दी’, म्हणजे त्र्यंबकेश्वर आलंच. मी सोबत गेले ती पिशवी सांभाळायला. रांगेचं आणि माझं अजिबात पटत नाही, त्यामुळे मी बाहेरून कळसालाच हात जोडले.

एका दुकानाच्या पायरीवर बस्तान मांडलं. बाटली लवंडू नये म्हणून भाचीने ती स्टीलच्या वाटीत बसवली आणि वाटीखाली ओलं फडकं घातलं. हे देऊळ नानासाहेब पेशव्यांनी 1755 साली बांधायला घेतलं आणि ते पुरं व्हायला 1786 उजाडलं. भाचीला ते दुपारच्या बसच्या आत कागदावर उतरवायचं होतं. त्यात दगड काळा. काळा म्हणून सरसकट काळं केलं तर कागदावर देवळाऐवजी नुसता डाग दिसतो. म्हणून खोबणीत रेघांवर आडव्या रेघा, उन्हाच्या बाजूला विरळ, आणि जिथे ऊन थेट पडतं तिथे कागद कोराच ठेवायचा. म्हणजे सगळी मेहनत न काढण्याची. त्यात पावसाळ्यातली त्र्यंबकची हवा! कागद इतका सर्द की निब टेकवली रे टेकवली की शाई फुटते आणि कोरीव कामाला मिशा येतात.

आता सल्लागार. पहिले आले ते नेहमीचेच. “फोटो काढ ना बेटा, दोन सेकंदांत होईल.” दुसरे गृहस्थ जळगावकडचे असावेत. ते बराच वेळ मान तिरकी करून बघत राहिले आणि म्हणाले, “कळस डावीकडे कललाय.” कललाच होता. पण शाईने काढलेला कळस सरळ कसा करायचा, हे त्यांनी सांगितलं नाही. तिसऱ्यांना एलिमेंटरीत ‘ए’ ग्रेड होती. एलिमेंटरीत ‘ए’ ग्रेड नव्हती असा मराठी माणूस मला अजून भेटायचाय. त्या परीक्षेनंतर या सगळ्यांचा हात घरच्यांनी गणिताकडे वळवलेला असतो आणि तो राग ते परक्या मुलीच्या चित्रावर काढतात. एका कुटुंबाला त्यांच्या पिंट्याचं चित्र हवं होतं. “किती घेशील?” विचारून झालं, घासाघीसही झाली, आणि मग पिंट्याच पळून गेला.

एक आजी मात्र काही न बोलता समोर येऊन बसल्या. डोक्यावरचा पदर सारखा केला, पिशवी मांडीवर घेतली आणि म्हणाल्या, “काढ.” भाचीने काढलं. छान जमलं होतं. आजींनी वही हातात घेऊन लांब धरली. “नाक माझं एवढं नाही,” असा शेरा देऊन त्या दर्शनाला गेल्या.

या गावात जन्मलेला चित्रकलेचा सगळ्यात नावाजलेला विद्यार्थी म्हणजे धुंडिराज गोविंद फाळके. जन्म 30 एप्रिल 1870, त्र्यंबकेश्वरचाच. 1885 साली मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल, पुढे बडोद्याचं कलाभवन, मग फोटोग्राफी, छपाई असं करत करत 1913 साली ‘राजा हरिश्चंद्र’. कागदावरच्या चित्राकडून ते हलत्या चित्राकडे गेले त्यामागे पाठीमागून येणाऱ्या सूचना हे कारण होतं, असं कुठल्या चरित्रात लिहिलेलं नाही. मला मात्र दाट संशय आहे. हलतं चित्र बघणारा समोर बसतो, तोही अंधारात, आणि शिवाय तिकीट काढून.

तर या गर्दीत एक तरुण गुरुजी केव्हापासून गप्प उभे होते. त्यांचं लक्ष चित्राकडे नव्हतंच, बाटलीकडे होतं. “ताई, ही शाई पाण्याने जाते का?” भाची म्हणाली, वाळल्यावर नाही जात. गुरुजी म्हणाले, “मग जरा घरी चला.”

घर म्हणजे जुना वाडा, आणि आत फडक्यांत बांधलेल्या वह्या. त्र्यंबकच्या उपाध्यांकडे यजमानांच्या नामावळ्या असतात, हे ऐकून होते. गावावार आणि कुळावार नोंदी, कोण आलं, कशासाठी आलं, सोबत कोण होतं, खाली सही नाहीतर अंगठा. जुनी पानं मोडीत. आधी पानभर आडवी रेघ ओढून घेतलेली आणि त्या रेघेखाली अक्षरं लोंबत, एकात एक अडकत पार कडेपर्यंत गेलेली. बोरूचा हात शक्यतो उचललेलाच नाही.

गुरुजींची तक्रार वेगळीच होती. पणजोबांच्या पानावरची शाई अजून काळीभोर आहे आणि वडिलांच्या काळातलं पान वाचता येत नाही. कारण समोरच दिसत होतं. जुनी शाई काजळी आणि डिंकाची. काजळी म्हणजे शुद्ध कार्बन, तिचा रंग उडत नाही. नंतर आली निळी शाई. ती फिकी होत होत आता नुसती सावली उरली आहे. त्यानंतर बॉलपेन, त्याचे तेलकट डाग मागच्या पानावर उमटलेले. 2023 साली कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हापासून या वह्यांची लोकांना फारच आठवण येते, असं गुरुजी म्हणाले. येणारे पान धरून प्रकाशात नेतात आणि निळ्या शाईपाशी अडतात.

मी हौसेने माझ्या माहेरचं गाव सांगितलं. “ते आमच्याकडे नाही, पलीकडच्या आळीत विचारा.” म्हणजे माझे पूर्वजसुद्धा मला रांगेतच उभं करणार.

भाची एव्हाना देऊळ विसरली होती. कोऱ्या पानावर तिने आडवी रेघ ओढली आणि त्या जाड-बारीक वळणांची नक्कल करत बसली. निबेने ते वळण येईना. गुरुजींनी कुठूनतरी एक बोरू शोधून आणला आणि तो तिरका कसा तासायचा ते दाखवलं. यावर मात्र तिने एका शब्दानेही कुरकुर केली नाही.

निघताना गुरुजींनी शाई कुठे मिळते ते विचारलं आणि नाशिकला असलेल्या भावाला फोन लावून तीन बाटल्या सांगितल्या. “फाउंटन पेनात भरू नका हं, पेन चोंदतं,” भाचीने बजावलं. “आणि निब लगेच धुवा, वाळली की खरवडावी लागते.” गुरुजींनी ते लगोलग लिहून घेतलं. बॉलपेनने.