पासवर्ड काढू नका, ओळखा!

जामसरला कोणी दोन कॉम्प्युटर जोडायला बोलावलं की हमखास एकच तक्रार: 'फोल्डर दिसतो, पण उघडताना पासवर्ड मागतो. तो काढून टाक ना!' मी पासवर्ड काढत नाही. का, ते सांगतो.

तो पासवर्ड समोरचा कॉम्प्युटर मागत असतो. म्हणून यूजरनेम-पासवर्ड त्याच्यावरच्याच अकाउंटचा लागतो. बरेचजण रोजचा पिन टाकतात. पण पिन त्या मशीनपुरताच, नेटवर्कवर चालत नाही. आणि ज्या अकाउंटला पासवर्डच नाही, त्याला विंडोज सहसा नेटवर्कवरून आत घेत नाही. कधी पासवर्ड बदललेला असतो, पण क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये जुनाच बसलेला असतो. तो पुसला की झालं!

'पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग' बंद करणं सोपं आहे हो. पण वायफायचा पासवर्ड आपण शेजारच्या पोरांनाही देतो, आणि शेअर केलेल्या फोल्डरमध्ये सातबारा, जातीचा दाखला, पासबुकाचे स्कॅन पडलेले असतात. ते कोणी चुकून डिलीट केले तर? मायक्रोसॉफ्टनेही २०२४ मध्ये विंडोज ११ प्रोच्या नव्या आवृत्तीत बिनपासवर्डचा गेस्ट प्रवेश मुळातच बंद ठेवला, तो उगाच नाही.

त्यापेक्षा शेअरिंगपुरतं एक साधं अकाउंट काढा, त्याला पासवर्ड द्या, हवा तेवढाच फोल्डर उघडा. पहिल्यांदा जोडताना पासवर्ड लक्षात ठेवण्याच्या चौकटीत टिक करा. मग तो रोज विचारणार नाही.

थोडक्यात काय, कुलूप फेकण्यापेक्षा किल्ली जवळ ठेवलेली बरी!