हैफातले मौन

इस्रायलच्या हैफा शहरात, कार्मेल डोंगराच्या उतारावर एकोणीस टप्प्यांच्या बागा आहेत आणि त्यांच्या मधोमध सोनेरी घुमटाखाली बहाई धर्माचे अग्रदूत बाब यांची समाधी. बागांना तिकीट नाही. समाधीत शिरताना चपला-बूट बाहेर काढायचे आणि आत शांतता पाळायची. ज्यू येतात, अरब येतात, द्रुझ येतात. धर्माचा इतिहास किंवा तत्त्वे विचारली तर माहिती मिळते. पण हैफाच्या रहिवाशाला ‘तूही बहाई हो’ असे तिथे कोणी म्हणत नाही. इस्रायलमध्ये बहाई धर्माचा प्रसार करायचा नाही, परदेशात भेटलेला इस्रायली माणूस मायदेशी परतणार असेल तर त्याच्यापुढेही करायचा नाही, असा दंडक आहे. जगभरातून सेवेसाठी आलेले काही शे बहाई सोडले, तर ज्या देशात या धर्माचे मुख्यालय आहे तिथे त्याचा स्थानिक समाज नाही.

या दंडकावर टीका करणाऱ्यांचा आवडता आरोप असा, की हा इस्रायल सरकारशी झालेला सौदा आहे: तुम्ही आम्हाला जागा द्या, आम्ही तुमच्या माणसांना हात लावणार नाही. हा आरोप तारखांपुढे टिकत नाही. धर्मसंस्थापक बहाउल्ला 31 ऑगस्ट 1868 रोजी हैफाजवळच्या अक्क्याला पोहोचले ते ऑटोमन सुलतानाचे कैदी म्हणून. इस्रायल जन्माला आले 1948 मध्ये. त्या प्रदेशात धर्मप्रसार न करण्याची रीत बहाउल्लांच्या काळापासून चालत आली आहे, असे हैफातले विश्व न्याय मंदिर, म्हणजे या धर्माची सर्वोच्च संस्था, स्पष्ट सांगते. जे राज्य अस्तित्वातच नव्हते त्याच्याशी सौदा कोण करणार? बहाईंना झायोनिस्टांचे हस्तक ठरवणाऱ्या इराणी सत्ताधाऱ्यांना हा कालक्रम ठाऊक नाही असे मी मानत नाही. तो त्यांना अडचणीचा आहे, म्हणून ते डोळेझाक करतात.

दुसरा आरोप भित्रेपणाचा. खरा विश्वास असता तर हे लोक बोलले असते, असे म्हणतात. बहाउल्लांचे पुत्र अब्दुल बहा यांचे आयुष्य पाहा. वडिलांबरोबर ते अक्क्याला आले तेव्हा चोवीस वर्षांचे होते. सुटका झाली 1908 मध्ये, तरुण तुर्कांच्या क्रांतीनंतर. सप्टेंबर 1911 मध्ये लंडनच्या सिटी टेंपल चर्चमध्ये उभे राहून याच माणसाने भरल्या सभेला आपला संदेश उघडपणे सांगितला. पुढे पॅरिसमध्ये, अमेरिकेत गावोगावी सांगितला. आणि हैफाला परतल्यावर? 25 नोव्हेंबर 1921 च्या शुक्रवारी, मृत्यूच्या तीन दिवस आधी, ते शहराच्या मशिदीत दुपारच्या नमाजाला गेले. प्रेतयात्रेला सुमारे दहा हजार माणसे लोटली. मुस्लिम, ख्रिस्ती आणि ज्यू वक्त्यांनी समाधीपाशी भाषणे केली. लंडनमध्ये बोलणारा आणि हैफात गप्प राहणारा माणूस एकच आहे. कुठे बोलायचे याचा निर्णय त्याने विचार करून घेतला होता. त्याला भीतीचा ठपका लावायचा तर आधी चाळीस वर्षांच्या कैदेचा हिशेब द्यावा लागेल.

इराणचे उदाहरण तर याहून झणझणीत आहे. 1983 मध्ये तिथल्या सरकारने बहाईंच्या प्रशासकीय संस्थांवर बंदी घातली. बहाईंनी त्या संस्था विसर्जित केल्या. पण त्याच वर्षी जूनमध्ये शिराझला दहा बहाई स्त्रियांना फासावर दिले गेले. त्यांतली एक सतरा वर्षांची होती, मुलांना धर्मशिक्षण देणारी. धर्म नाकारला असता तर जीव वाचला असता. एकीनेही नाकारला नाही. संस्था बंद करा म्हटले तर केल्या, श्रद्धा सोडा म्हटले तर प्राण दिले. या दोहोंमधली सीमा ज्यांना इतकी स्वच्छ दिसते, त्यांच्या मौनाला भेकड म्हणणे हा निव्वळ अन्याय आहे.

आणि जिथे वाव होता तिथे हे लोक कधीच गप्प बसले नाहीत. याचा पुरावा आपल्याच दारात आहे. कैदेतल्या बहाउल्लांनी 1870 च्या दशकाच्या सुरुवातीला आपले अनुयायी जमाल एफेंदी यांना हिंदुस्थानात पाठवले ते धर्म सांगण्यासाठीच. ‘किताब-ए-अक्दस’ हा बहाउल्लांचा कायद्यांचा ग्रंथ 1890 च्या सुमारास छापला गेला तो मुंबईत. पाचगणीत 1945 मध्ये बहाईंनी न्यू एरा ही शाळा काढली. 1961 पासून माळव्याच्या खेड्यापाड्यांत त्यांनी धर्म पोहोचवला आणि हजारो माणसे बहाई झाली. अक्क्यात तोंड मिटणाऱ्यांनी मुंबईत ग्रंथ छापला. मग प्रसाराची आच नव्हती असे कोणत्या तोंडाने म्हणायचे?

उरतो तो आक्षेप मात्र वजनदार आहे, आणि तो झटकून टाकणारा बहाई मला पटणार नाही. सगळी मानवजात एक, असे सांगणारा धर्म एका देशाच्या नागरिकांना दाराबाहेर कसा ठेवतो? ग्रंथालयांत पुस्तके आहेत, बागा खुल्या आहेत, माहितीवर पडदा नाही. रोखले आहे ते फक्त आमंत्रण, हे उत्तर अर्धे खरे आहे. पण हैफातच जन्मलेला कुणी स्वतः वाचून, स्वतः विचार करून या श्रद्धेपाशी पोहोचला तर? तिथला रहिवासी राहून त्याला बहाई समाजात सामील होता येत नाही. सत्याचा शोध ज्याने त्याने स्वतः घ्यावा, असे शिकवणाऱ्या धर्मात ही गोष्ट बोचणारी आहे. किंमत खरी आहे, आणि ती मोजतो तो बिचारा एकटा माणूस.

तरीही मी या दंडकाच्या बाजूने उभा आहे. त्या भूमीत धर्मांतर ही खासगी बाब कधीच नव्हती. एक माणूस पंथ बदलतो तेव्हा सबंध मोहल्ला ते आपले नुकसान मानतो. आमिष दाखवून धर्म बदलायला लावणे हा इस्रायलमध्ये 1977 पासून गुन्हा आहे. जेरुसलेममध्ये मॉर्मनांनी विद्यापीठाचे केंद्र उभारले तेव्हा सनातनी ज्यूंनी रान उठवले, आणि धर्मप्रसार न करण्याचे लेखी वचन दिल्यावरच ते केंद्र चालू शकले. बहाईंनी तो लगाम कितीतरी आधी स्वतःच घातला होता. म्हणून तर समाधीच्या पायथ्याशी राहणाऱ्या ज्यूला किंवा अरबाला, आपले पोर या बागेतून वेगळे होऊन परतेल, अशी धास्ती वाटत नाही. माणसे जोडायला निघालेल्या धर्माने आपल्या सर्वात पवित्र जागेच्या शेजाऱ्यांना अशी निश्चिंती द्यावी, हे मला त्याच्या शिकवणीशी सुसंगत वाटते. तिथे शंभर अनुयायी मिळवून शेजार गमावला असता, तर एकतेचा उपदेश कोणी ऐकला असता?

आक्षेपकांना माझी विनंती एवढीच: सौद्याचा आणि भित्रेपणाचा आरोप मागे घ्या, कारण त्यांना आधार नाही. हैफातल्या त्या एकट्या जिज्ञासूचा प्रश्न मात्र बहाईंना जरूर विचारत राहा, आणि बहाईंनीही त्याचे उत्तर टाळू नये.