ज्याचे जाळे, त्याची राखण

मोबाईलच्या रिचार्जला पैसे नाहीत, आणि मोबाईल चार्ज करायला घरात वीजही नाही. अशा गावाने काय करावे? दक्षिण आफ्रिकेतील मानकोसी येथील लोकांनी दिलेले उत्तर आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

हा भाग ट्रान्सकायचा. वर्णभेदी राजवटीने काळ्या लोकांना ज्या मुलखांत कोंडले, त्यांपैकी हा एक. १९९४ साली ती राजवट गेली, गरिबी मात्र राहिली. पुढे वेस्टर्न केप विद्यापीठाचे संशोधक तेथे आले. यंत्रे बसवून ते निघून गेले नाहीत. गावच्या जाणत्यांशी बसून बोलले आणि काम गावकऱ्यांनाच शिकवले. २०१४ साली गावकऱ्यांची सहकारी संस्था उभी राहिली. नाव 'झेन्झेलेनी'. खोसा भाषेत अर्थ, 'तुमचे तुम्हीच करा'.

हे जाळे चालते कसे? घरावर एक लहान यंत्र, सोबत सौरपाटी आणि बॅटरी. ते शेजारच्या घरावरील यंत्राशी बिनतारी बोलते, ते पुढच्याशी. विहिरीपासून हातोहात घागर पुढे जावी तसे. एक घर बंद पडले तर निरोप दुसऱ्या घरावरून वळसा घेतो. मात्र टप्पे वाढले की वेग घटतो आणि टेकडी आड आली तर गाठच पडत नाही. म्हणून घर निवडताना नातेगोते नव्हे, जागेची उंची पाहावी लागते.

पहिली कमाई इंटरनेटची नव्हती. त्याच सौरबॅटरीवर लोकांचे मोबाईल थोड्या पैशात चार्ज करून ती झाली. गावातल्या गावात फोन होऊ लागले, इंटरनेट नंतर आले.

आपल्याकडे डिसेंबर २०२० मध्ये केंद्राने मान्य केलेल्या पीएम-वाणी योजनेत, नोंदणीकृत संस्थेशी जोडून घेतल्यास चहाच्या टपरीवालाही परवान्याशिवाय वायफाय देऊ शकतो. वाट आहे. पण बांधवांनो, यंत्र कोणी देणगीतही देईल. काही वर्षांनी बॅटरी दमेल तेव्हा काय? त्या दिवसासाठी दरमहा थोडे बाजूला पडले पाहिजे, आणि तो हिशेब चारचौघांत वाचला गेला पाहिजे. आमच्या आयाबहिणी बचत गटाची वही चोख ठेवतातच. जाळ्याची वहीही त्यांच्याच हाती द्या. फुकट आलेले जाळे पहिल्या बिघाडात बेवारस होते, वर्गणीचे जाळे दुरुस्त होते.