आकाशातली पाणंद

डांबर संपले की प्रवास सुरू होतो, असे मानणाऱ्यांचा एक पंथ आपल्याकडे आता चांगलाच रुजला आहे. शनिवारी पहाटे पुण्याहून निघायचे, नगर रस्त्याने शिरूर किंवा सोलापूर रस्त्याने दौंड गाठायचे आणि मग गाड्या माळावर, ओढ्यात, नदीच्या काठाकाठाने घालायच्या. या मंडळींची जीप पाहावी. जाडजूड टायर, पुढे विंच, टपावर दिव्यांची रांग. खर्चाला कोणी हात आखडता घेतलेला नसतो. पण पुढच्या गाडीने मागच्या गाडीशी बोलायचे कसे, हा प्रश्न निघाला, की सर्वांना एकदम काटकसर आठवते. नेटवर दिसलेली सर्वांत स्वस्त वॉकीटॉकीची जोडी मागवली, की विषय संपला!

विषय तिथे संपत नाही. ही स्वस्ताई महाग पडते, आणि नुसती पैशात नव्हे.

माझी बँकेतली काही वर्षे या दोन तालुक्यांत गेली. विहिरी, पाइपलाइनी, ट्रॅक्टर यांच्या कर्जांच्या पाहणीसाठी मी इथल्या पाणंदी तुडवल्या आहेत. शहरातून येणाऱ्याला हा मुलूख सपाट आणि सोपा वाटतो. तो सोपा नाही. शिरूरकडे मुरमाड माळ, मध्येच खोल गेलेले ओढे. टाकळी हाजीच्या बाजूला कुकडीने कातळात कोरलेले रांजणखळगे. चिंचणीच्या धरणाच्या फुगवट्याला लागून गाळाची जमीन. दौंडकडे भीमाकाठची काळी माती. ती उन्हात भेगाळते आणि एका सरीत गाडीची चारही चाके धरून ठेवते. शिवाय नदीच्या पात्रात वर्षानुवर्षांच्या वाळूउपशाने पाडलेले खड्डे. त्यांत पाणी साचले, की वरून सगळे एकसारखे दिसते. गुडघाभर कुठे आणि पुरुषभर कुठे, हे पहिली गाडी उतरल्याशिवाय कळत नाही.

म्हणूनच पहिल्या गाडीचा शब्द शेवटच्या गाडीपर्यंत पोहोचला पाहिजे. उन्हाळ्यात धुरळ्यामुळे दोन गाड्यांत दोनतीनशे मीटर अंतर ठेवावे लागते. तिथे हॉर्न ऐकू येत नाही, हात दिसत नाही. मोबाइल आहे की, असे कोणी म्हणेल. ओढ्यात उतरल्यावर त्याची रेंज जाते हे एक. पण रेंज असली तरी मोबाइल एकाला एकच गाठतो. ‘डावीकडे खड्डा आहे, उजवा काठ धरा’ हे वाक्य सहा गाड्यांना एकाच क्षणी ऐकू जायला हवे. पाचव्या माणसाला फोन लागेपर्यंत चौथी गाडी खड्ड्यात गेलेली असते.

अमेरिकेत या गरजेवर फार पूर्वी तोड निघाली. सामान्य नागरिकासाठी २७ मेगाहर्ट्झच्या आसपासचा एक पट्टा तिथे १९५८ साली मोकळा झाला. सिटिझन्स बँड, म्हणजेच सीबी. त्याला खरा भर आला १९७३ च्या तेलटंचाईत. डिझेल कोणत्या पंपावर आहे आणि पोलीस वेग कुठे मोजताहेत, हे ट्रकवाले एकमेकांना सीबीवर सांगू लागले. पुढे हे वेड इतके पसरले, की १९८३ मध्ये सरकारने सीबीचा परवानाच रद्द करून टाकला.

आपल्याकडची गोष्ट निराळी. माझ्या लहानपणी रेडिओ नुसता ऐकायलासुद्धा पोस्टात पैसे भरून लायसन्स घ्यावे लागे. बोलायचा रेडिओ तर पोलिसांचा, नाही तर लष्कराचा. त्या सरकारने आज आपल्यालाही एक लहानशी वाट मोकळी करून दिली आहे, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात पाच वॅटपर्यंतच्या उपकरणाला आपल्या देशात परवाना लागत नाही. उपकरणाला दूरसंचार विभागाच्या वायरलेस शाखेची मान्यता मात्र हवी. मी या पट्ट्याला आकाशातली पाणंद म्हणतो. पाणंद कोणा एकाची नसते. तिच्यावर कोणी टोल घेत नाही आणि बांध फोडून ती आपल्या रानात ओढून घेण्याचा हक्कही कोणाला नसतो.

नेटवरच्या त्या स्वस्त वॉकीटॉकीचे दुखणे इथेच आहे. त्यांतल्या बऱ्याच १३६ ते १७४ आणि ४०० मेगाहर्ट्झच्या वरच्या पट्ट्यांत कुठेही बोलू शकतात. खोक्यावर ‘लायसन्सची गरज नाही’ असे छापले, म्हणून कायदा बदलत नाही. त्या पट्ट्यांत पोलीस, अग्निशमन, रेल्वे अशा यंत्रणांची कामे चाललेली असतात. अशी उपकरणे बिनदिक्कत विकली जातात म्हणून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मे २०२५ मध्ये १३ ऑनलाइन विक्रेत्या कंपन्यांना नोटिसा काढल्या आणि पाठोपाठ विक्रीसाठी मार्गदर्शक नियमही आले.

आपल्या भागाला तर आणखी एक कारण आहे. शिरूरला लागून असलेल्या जुन्नर तालुक्यात खोडदला जगप्रसिद्ध जीएमआरटी दुर्बीण उभी आहे. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने झालेल्या या दुर्बिणीला ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. अब्जावधी वर्षांपूर्वी निघालेली क्षीण रेडिओ कुजबुज ती ऐकते. १५० मेगाहर्ट्झ ही तिच्या ऐकण्यातली एक जागा. हा परिसर निवडताना इथला रेडिओ गोंगाट कमी आहे, हेही पाहिले गेले होते. आपण मात्र त्याच जागेवर ‘अरे, चहाला कुठे थांबायचं?’ असे ओरडत फिरायचे! देवळाच्या गाभाऱ्यात कोणी शिट्टी वाजवत नाही. इथे गाभारा डोळ्यांना दिसत नाही, एवढाच फरक.

मग रास्त भावात घ्यावे काय? कर्जाच्या अर्जासोबत कोटेशन आले, की त्यात काय लिहिले आहे यापेक्षा काय लिहायचे राहिले आहे, ते आम्ही आधी शोधत असू. सीबीच्या बाबतीत राहून जाणारी गोष्ट म्हणजे अँटेना. लोक सेटच्या दिव्यांवर आणि बटणांवर पैसे घालतात आणि अँटेना मिळेल ती लावतात. खरे गणित उलटे आहे. कोणताही कायदेशीर सेट बोलणार त्याच चार-पाच वॅटने. तो आवाज शिवारापलीकडे न्यायचा की बॉनेटवरच सांडायचा, हे अँटेना ठरवते.

२७ मेगाहर्ट्झची लहर सुमारे अकरा मीटर लांबीची. तिचा पाव भाग, म्हणजे नऊ फुटांची काठी, ही आदर्श अँटेना. जीपवर नऊ फूट मिरवणे कठीण, म्हणून बुडाशी वेटोळे देऊन आखूड केलेल्या अँटेना मिळतात. त्यांतली परवडेल आणि झाडांत अडकणार नाही इतपत लांब घ्यावी, फार बुटकी घेऊ नये. ती टपाच्या मध्यावर बसली तर उत्तम, कारण खालचा पत्रा हा अँटेनाचाच अर्धा भाग असतो. टप ताडपत्रीचा किंवा फायबरचा असेल, तर लोहचुंबकाचे बूड धरायचेच नाही. तिथे चेसीला पक्के जोडलेले ब्रॅकेट हवे.

दुसरी राहून जाणारी वस्तू म्हणजे एसडब्ल्यूआर मीटर. सेटमधून निघालेली शक्ती बाहेर जाते की परत फिरून सेटलाच मारते, हे तो सांगतो. आकडा दीडच्या आत असावा. तीनच्या वर गेला तर बोलूच नये, सेट जळेल. हा मीटर प्रत्येकाने घेण्याची गरज नाही. दहा जणांत एक पुरतो. मोकळ्या मैदानात गाडी उभी करून पट्ट्याच्या दोन्ही टोकांच्या चॅनेलवर मोजावे. वरच्या चॅनेलवर आकडा मोठा आला तर अँटेना लांब झाली, खालच्यावर आला तर आखूड.

सेट साधा घ्यावा. अमेरिकेत कोब्रा, युनिडेन यांचे साधे सेट पन्नास-साठ डॉलरांच्या घरात मिळतात; इथे येताना वाहतूक आणि जकात धरून ही रक्कम चांगलीच वाढते. आपल्याकडे विक्रेते मोजके आहेत. त्यांना पहिला प्रश्न किमतीचा नको, मान्यतेच्या प्रमाणपत्राचा हवा. दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. अमेरिकी सेटवर ४० चॅनेल असतात, पण त्यांतली पहिली २७ च आपल्या पट्ट्यात बसतात. पुढची तेरा आपली नव्हेत. आणि एसएसबी नावाच्या पद्धतीत तो सेट बारा वॅटपर्यंत जातो. ती मर्यादा ओलांडते, आणि तिच्यासाठी जादा पैसेही पडतात, म्हणून ते बटण नसलेलाच सेट बरा. सगळ्यांचे सेट एकाच पद्धतीचे असावेत. एएमवाला आणि एफएमवाला एकमेकांना नीट ऐकू शकत नाहीत. वीज थेट बॅटरीवरून, फ्यूज घालून घ्यावी, म्हणजे इंजिनाची किरकिर कमी येते.

एवढे केले, की मोकळ्या माळावर चारपाच किलोमीटर खुशाल बोलता येते. अपवादही सांगितले पाहिजेत. रांजणगाव किंवा कुरकुंभसारख्या औद्योगिक वसाहतींजवळ खरखर वाढू शकते, कारण प्लास्टिक जोडणारी काही यंत्रे याच पट्ट्याच्या मध्यावर चालतात. आणि सूर्य जोरात असला, म्हणजे दर अकरा वर्षांनी सौरडागांचा भर येतो तेव्हा, समुद्रापलीकडचे आवाज मध्येच डोकावतात.

याहून स्वस्त काही नाहीच का? आहे. २०१८ पासून ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ हा दुसरा पट्टाही अर्ध्या वॅटपर्यंत परवान्याविना मोकळा आहे. दोन-तीनच गाड्या असतील आणि त्या नजरेच्या टप्प्यात राहणार असतील, तर या पट्ट्याचे मान्यताप्राप्त हातसंच पुरेत. अँटेना नको, जोडणी नको. पण पत्र्याच्या गाडीत बसून बोलले, की त्यांचा आवाज खुंटतो. आणि दौंड-शिरूरला तुमची वाट बहुधा दोन्ही बाजूंच्या डोक्याहून उंच, ओल्या उसामधून जाते. आखूड लहर त्या हिरव्या भिंतीत लवकर मुरते. सीबीची लांब लहर पुष्कळशी पार होते. पाच-सहा गाड्यांचा ताफा असेल तर मी सीबीच सुचवीन. ज्याला या विद्येतच रस आहे, त्याने परीक्षा देऊन हॅम व्हावे. २००१ च्या भूज भूकंपात हॅम मंडळींनी काय काम केले, ते सर्वश्रुत आहे.

सेट बसवून झाला तरी एक गोष्ट विकत मिळत नाही, ती म्हणजे बोलण्याची शिस्त. सीबीवर एका वेळी एकच माणूस बोलू शकतो. दोघांनी एकदम बटण दाबले, की कोणालाच काही कळत नाही. आपल्या सभा, लग्नघरे आणि आता दूरचित्रवाणीवरच्या चर्चा पाहता हे यंत्र आपल्यासाठीच घडवले असावे, असे मला वाटते! आधी ऐकायचे, मग बोलायचे. वाक्य लहान ठेवायचे. ‘ऐकलं’ असा जबाब द्यायचा. चालवणाऱ्याने हात स्टिअरिंगवर ठेवायचा आणि माइक शेजारच्याकडे द्यायचा. गाणी, विनोद, राजकारण डांबर लागल्यावर. आणि सर्वांत पुढच्याने सर्वांत मागच्याचा आवाज अधूनमधून मागायचा. शेवटची गाडी गप्प झाली, की सगळ्यांनी थांबायचे.

आमच्या भागात पाणंदींचे काय झाले, ते मी पाहिले आहे. प्रत्येकाने नांगराचे एकेक तास आत घेतले. कोणाचेही फार मोठे पाप नव्हते, पण दहा वर्षांत बैलगाडी जायची वाट पायवाट झाली आणि मग तिच्यासाठी तहसील कचेरीत खेटे सुरू झाले. आकाशातल्या या पाणंदीला बांध नाहीत आणि खुणेचे दगडही नाहीत. तिच्यावरून जाणाऱ्याला लगेच कोणी हटकत नाही. म्हणून तर तिची हद्द आपणच सांभाळायची आहे. चार पैसे वाचवायला माणूस मोकळा आहे. ते शेजाऱ्याच्या बांधावरून वाचवू नयेत.