दारावर मोजलेले पैसे

मुलाबाळांकडे म्हणून अमेरिकेस गेलेल्या मराठी माणसाचा शिकागोतील कार्यक्रम बहुधा ठरलेला असतो. मिशिगन सरोवराचा काठ, पूर्वी सीअर्स टॉवर म्हणून ओळखला जाणारा विलिस टॉवर, १८९३ साली स्वामी विवेकानंद ज्या वास्तूत बोलले ते आर्ट इन्स्टिट्यूट, आणि वेळ उरलाच तर खरेदी. शुक्रवारी कचेऱ्या सुटल्यावर हे शहर ज्या गोष्टीसाठी रात्री उशिरापर्यंत जागे राहते, तिला मात्र या यादीत स्थान नसते. ती गोष्ट म्हणजे वस्तीतल्या एखाद्या लहानशा क्लबात, वादकांपासून दहा-पंधरा फुटांवर बसून ऐकायचे ब्लूज संगीत.

ब्लूज हे अमेरिकेच्या दक्षिणेकडील कृष्णवर्णीय शेतमजुरांचे गाणे. ते शिकागोत आले ते रेल्वेने. न्यू ऑर्लिन्सपासून मिसिसिपीमार्गे शिकागोला येणाऱ्या इलिनॉय सेंट्रलच्या गाड्यांतून कापसाच्या मळ्यांना कंटाळलेली कुटुंबे उत्तरेकडे आली. १९१० साली शिकागोत सुमारे ४४ हजार कृष्णवर्णीय होते. १९७० साली त्यांची संख्या ११ लाखांवर गेली होती. त्यांतलेच एक मडी वॉटर्स. मिसिसिपीतील मळ्यावर ट्रॅक्टर चालवणारा हा माणूस १९४३ साली शिकागोत उतरला, कागदाच्या कारखान्यात कामाला लागला आणि रात्री गाऊ लागला. बारमधील गोंगाटात त्यांची साधी गिटार कोणाला ऐकू जाईना, म्हणून त्यांनी विजेवरची गिटार हाती घेतली. पुढे जगभरच्या रॉक संगीताने ज्या आवाजाचे अनुकरण केले, तो आवाज असा एका व्यावहारिक अडचणीतून जन्मास आला. कलेच्या इतिहासात अशा गोष्टी वाटतात त्याहून अधिक घडत असाव्यात.

या संगीताचे शनिवार-रविवारशी असलेले नातेही मुळात पगाराचे नाते आहे. दक्षिण शिकागोतील कत्तलखाने आणि पोलादाचे कारखाने कामगारांना आठवड्याने मजुरी देत. हाती रोख पैसा आला की वस्तीतल्या बारमध्ये गर्दी होई आणि वादकांना काम मिळे. रविवारी सकाळी मॅक्सवेल स्ट्रीटचा बाजार भरे. तेथे वादक शेजारच्या घरमालकाला किंवा दुकानदाराला थोडे पैसे देऊन त्याच्या खिडकीतून वायर ओढीत आणि त्या विजेवर गिटार वाजवीत. समोर डबा ठेवलेला असे. हिशेब सरळ होता. ज्याला आवडेल त्याने नाणे टाकावे, न आवडल्यास मोज्यांच्या जोड्या घेऊन पुढे जावे.

आजही हा हिशेब फारसा बदललेला नाही. उत्तर शिकागोतील हॉल्स्टेड रस्त्यावरच्या, १९६८ साली सुरू झालेल्या किंग्स्टन माइन्स या क्लबात दोन मंच आहेत. एकावरचा बँड थांबला की दुसऱ्यावरचा सुरू होतो आणि श्रोते खुर्च्या सोडून दालन बदलतात. आर्मिटेज रस्त्यावरचे रोझाज लाउंज १९८४ साली मिलानहून आलेल्या एका ड्रमवादकाने उघडले आणि आपल्या आईचे नाव त्यास दिले. आई स्वतः तेथे राबत असे. इटलीतला एक तरुण केवळ या संगीताच्या ओढीने परक्या शहरात येतो आणि क्लब काढतो, एवढ्या एका गोष्टीवरूनही तेथील वातावरणाची कल्पना यावी. दारावर प्रवेशशुल्क घेतात, वयाचा पुरावा पाहतात, म्हणून पारपत्र जवळ असावे. मद्य घेतलेच पाहिजे असे नाही. सोड्याचा पेला समोर ठेवून संपूर्ण रात्र ऐकणारे श्रोते तेथेही असतात. मध्यंतरात बक्षिसीची बरणी फिरते. मंचावरून उतरलेला माउथऑर्गनवादक शेजारच्याच टेबलाशी येऊन बसतो आणि त्याच्याशी दोन शब्द बोलता येतात. मोठ्या सभागृहात हे घडत नाही.

यावर असे म्हणता येईल की, शिकागो महापालिका दरवर्षी जूनमध्ये ब्लूज महोत्सव भरवते, तो विनामूल्य आहे. मग क्लबात पैसे का घालवावेत? मडी वॉटर्स १९८३ साली गेले, त्याच्या पुढच्याच वर्षी, १९८४ साली हा महोत्सव सुरू झाला. तो चांगलाच आहे आणि चालू राहावा. परंतु महोत्सव वर्षातून काही दिवसांचा. वादकाला घरभाडे द्यायचे असते दर महिन्याला. शिवाय महोत्सवात ज्याचे नाव झालेले असते तोच मंचावर दिसतो. नाव होण्याआधीची वर्षे त्याने कोठे काढावीत, याचे उत्तर महोत्सवाकडे नाही. ते उत्तर शुक्रवारी रात्री अर्ध्या भरलेल्या दालनाकडेच आहे.

१९७०च्या सुमारास ब्रूस इग्लॉअर हा तरुण शिकागोतील एका ध्वनिमुद्रण कंपनीत साधा कारकून होता. दक्षिण शिकागोतील फ्लॉरेन्सेस या बारमध्ये रविवारी दुपारी हाउंड डॉग टेलर वाजवीत, ते त्याने ऐकले. त्यांची तबकडी काढा, असा आग्रह त्याने मालकाकडे धरला. मालकाने नकार दिला. तेव्हा वारसाहक्काने मिळालेले २,५०० डॉलर घालून १९७१ साली त्याने स्वतःच ती तबकडी काढली आणि त्यातून अ‍ॅलिगेटर रेकॉर्ड्स ही कंपनी उभी राहिली. कर्जप्रस्ताव म्हणून हा कागद एखाद्या बँकेसमोर आला असता तर तारण काय, हा प्रश्न पहिल्याच मिनिटाला निघाला असता, आणि तो चुकीचाही ठरला नसता. येथे तारण एकच होते: रविवारी दुपारी न चुकता भरणारी ती खोली.

म्हणूनच अशा खोल्या बंद होणे ही केवळ आठवणींत रमणाऱ्यांची हळहळ नव्हे. युनियन स्टॉकयार्ड्स १९७१ साली बंद झाले, त्यापाठोपाठ पोलादाचे कारखाने गेले आणि आठवड्याची मजुरी थांबली. थेरेसा नीडहॅम या बाईंनी १९४९ पासून इंडियाना रस्त्यावरील एका तळघरात चालवलेला बार १९८३ साली ती जागा सोडून गेला. बडी गाइ यांनी १९७२ साली भागीदारीत काढलेल्या चेकरबोर्ड लाउंजमध्ये २२ नोव्हेंबर १९८१ च्या रविवारी मडी वॉटर्स यांच्याबरोबर रोलिंग स्टोन्सचे वादक येऊन गायले. तो क्लबही २००३ साली मूळच्या ४३व्या रस्त्यावरून हलला आणि पुढे बंद झाला. कारखान्यांच्या वस्तीत जन्मलेले संगीत आता बहुतांशी उत्तरेकडील सुस्थित वस्तीत आणि पर्यटकांसमोर वाजते. पर्यटक तीच ती चार गाणी मागतात. वादक ती वाजवतातही. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, पण पैसे देणाऱ्याने पाचवे गाणे ऐकायची तयारी ठेवली तर बरे.

शासनाची दृष्टीही या बाबतीत नेहमी स्थिर नसते. कुक काउंटीत ७५० पर्यंत प्रेक्षकक्षमतेच्या लहान जागांना कलाविषयक कार्यक्रमांसाठी करमणूक करातून सूट आहे. मात्र रॉक, रॅप, कंट्री हे संगीत ‘ललित कला’ ठरतच नाही, असा पवित्रा तेथील कर यंत्रणेने घेतला. २०१६ साली यावर बरीच ओरड झाल्यानंतर नियमांत दुरुस्ती झाली. करोनाच्या काळात अमेरिकी काँग्रेसने डिसेंबर २०२० मध्ये बंद पडलेल्या नाट्य-संगीतगृहांसाठी अनुदान मंजूर केले. ते पुढे सुमारे १६ अब्ज डॉलरपर्यंत वाढले. दारावरचे पैसे थांबले की केवढी रक्कम सरकारला ओतावी लागते, हे त्या आकड्यावरून दिसते.

मुंबईकरांना बडी गाइ अपरिचित नाहीत. वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत २०११ साली झालेल्या पहिल्या महिंद्रा ब्लूज महोत्सवात ते वाजवून गेले. शिकागोतला त्यांचा लेजेंड्स हा क्लब १९८९ पासून वाबॅश रस्त्यावर आहे. अनेक वर्षे जानेवारीत ते स्वतः तेथे वाजवीत आले, आणि तेव्हा तिकिटे आधीच संपत. इतर महिन्यांतही, कार्यक्रमपत्रिकेवर नाव नसताना ते बारच्या एका स्टुलावर शांतपणे बसलेले अनेकांनी पाहिले आहेत, आणि मंचावर कोणी नवखा गिटारवादक असे.