एकाच कबरीतले खानदान

"हा त्यांचा सख्खा का?" लग्नाकार्यात हा प्रश्न कुणीतरी हळूच विचारतेच. आईच्या दुसऱ्या निकाहानंतर तिचे बोट धरून नव्या घरी आलेल्या मुलाच्या कानांवर तो लहानपणापासून पडत असतो. 'शेवटी रक्त ते रक्तच' असे म्हणून मोठी माणसे विषय संपवतात. पूर्वीचे लोक तर रक्ताशिवाय दुसरे काही मानतच नसतील, असेही आपल्याला वाटते. पण सुमारे ५७०० वर्षांपूर्वीची एक कबर वेगळेच सांगते.

इंग्लंडमधील ग्लॉस्टरशर परगण्यात हेझल्टन नॉर्थ येथे दगड रचून बांधलेली एक लांबट कबर होती. आत दोन कक्ष, एक उत्तरेचा आणि एक दक्षिणेचा. १९७९ ते १९८२ या काळात तिचे उत्खनन झाले. हाडे एकमेकांत मिसळलेली होती. कोण कुणाचा बाप, कोण कुणाची लेक, हे नुसते पाहून कळणे शक्य नव्हते.

हे कोडे डीएनएने सोडवले. दातांत आणि कानामागच्या कठीण हाडात डीएनए हजारो वर्षे टिकू शकतो. त्याची चिमूटभर भुकटीही तपासाला पुरते. प्रत्येकाला निम्मा डीएनए आईकडून आणि निम्मा वडिलांकडून मिळतो. आजोबा आणि नातवात साधारण पाव भाग समान असतो. डीएनएचा एक छोटा भाग फक्त आईकडून येतो, तर वाय गुणसूत्र बापाकडून मुलग्याकडेच जाते. हे धागे जुळवत संशोधक वंशावळ मांडतात.

२०२१च्या अखेरीस 'नेचर' या नियतकालिकात निष्कर्ष आले. ३५ जणांचा डीएनए मिळाला होता. त्यांपैकी २७ जण एकाच खानदानाच्या पाच पिढ्यांतले निघाले. मूळ पुरुष एक. त्याला चार स्त्रियांपासून मुले झाली होती. दोघींचा वंश मुख्यतः एका कक्षात, उरलेल्या दोघींचा दुसऱ्यात. म्हणजे कुळ बापाचे असले, तरी कबरीतली जागा आईवरून ठरत होती. या खानदानाच्या लहानपणीच वारलेल्या मुली तिथे सापडल्या, पण मोठ्या झालेल्या लेकी नाहीत. त्या बहुधा सासरी गेल्या असाव्यात.

आणि याच कबरीत काही पुरुष असे होते, की त्यांची आई तिथे दफन होती, तिला या खानदानातल्या पुरुषापासून मुलेही झाली होती. पण यांचा बाप मात्र वेगळा होता. म्हणजे ते सावत्र मुलगे. तरी त्यांना जागा मिळाली ती खानदानाच्या कबरीतच.

अशीच साक्ष तुर्कस्तानातूनही मिळते. कोन्या शहराजवळच्या चाताल्होयूक येथे सुमारे ९००० वर्षांपूर्वी लोक आपल्या मृतांना घराच्या जमिनीखालीच पुरत. तिथल्या ३५ घरांतील १३१ जणांच्या डीएनएचा अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. सुरुवातीच्या काळात एका घराखालची माणसे बहुतेक आईच्या बाजूने नात्यातली होती. लेकी घराशी जोडलेल्या राहत, मुलगे मोठे झाल्यावर दुसरीकडे जात असावेत. पुढच्या काळात मात्र रक्ताचे काहीच नाते नसलेली माणसेही एकाच छताखाली दफन झालेली दिसतात.

मुलाचा वंश लपवू नये, त्याच्या बापाचे नाव पुसू नये, हे खरेच. पण वंश वेगळा आहे म्हणून ताटातला घास आणि घरातला कोपरा वेगळा असावा, असे त्यातून निघत नाही. जन्म कुणी दिला, हे डीएनए सांगतो. तापात कपाळावर पट्ट्या कुणी ठेवल्या, हे तो सांगू शकत नाही. हेझल्टनच्या लोकांनी त्या मुलांना आपल्यातच जागा दिली आणि ती आजवर टिकली. पुढच्या लग्नात कुणी "सख्खा का?" असे विचारले, तर "आमचाच आहे" एवढे उत्तर पुरे. तेही मुलाला ऐकू जाईल असे, जरा मोठ्याने.