विश्लेषण : भाताच्या जनुकीय नकाशातली कोरी जागा भरणे का गरजेचे?

कर्जत तालुक्यातील पोशीर परिसरात खरीप म्हणजे भात. ‘कर्जत-३’, ‘कर्जत-७’ यांसारखे वाण कर्जतच्या प्रादेशिक कृषी संशोधन केंद्रातून आले. मात्र करपा रोगाला दाद न देणारा नवा वाण तयार करण्यात वर्षे जातात. त्याचे एक कारण भाताच्या गुणसूत्रातच आहे.

सेंट्रोमियर म्हणजे काय?

पेशी विभागताना गुणसूत्राच्या दोन प्रती ज्या जागी धरून वेगळ्या ओढल्या जातात, ती जागा म्हणजे सेंट्रोमियर. भातात गुणसूत्रांच्या १२ जोड्या आहेत. त्यांच्या सेंट्रोमियरमध्ये सुमारे १५५ अक्षरांचा डीएनएचा तुकडा शेकडो ते हजारो वेळा ओळीने येतो.

नकाशा अपुरा का राहिला?

पूर्वी डीएनएचे छोटे तुकडे वाचून जुळवले जात. सगळे तुकडे सारखेच असतील, तर कोणता कुठे बसवायचा? भारतासह १० देशांनी २००५ मध्ये ‘निप्पोनबारे’ या जपानी वाणाचा नकाशा प्रसिद्ध केला. त्यात ११व्या गुणसूत्राचा काही भाग भारतीय शास्त्रज्ञांनी वाचला. पुनरावृत्ती कमी असलेले आठव्या गुणसूत्राचे सेंट्रोमियर २००४ मध्येच वाचून झाले होते. बहुतेक बाकीची अपुरी राहिली. लांब तुकडे सलग वाचणारे तंत्र आल्यावर २०२१ मध्ये दोन चिनी वाणांचे अखंड नकाशे तयार झाले.

शेतकऱ्याचा संबंध काय?

संकरातून आलेल्या रोपात दोन्ही पालकांच्या गुणसूत्रांचे भाग अदलाबदल होतात. सेंट्रोमियरजवळ ही अदलाबदल फारच कमी होते. करप्याशी लढणारे ‘पीआय-टीए’ जनुक बाराव्या गुणसूत्रावर याच भागात आहे. ते नव्या वाणात आणताना शेजारचा नको असलेला मोठा पट्टाही सोबत येतो. नकाशामुळे अदलाबदल वाढत नाही. पण पट्टा कुठे तुटला, हे रोप लहान असतानाच तपासता येते.

मग काय व्हावे?

शेतकऱ्याला आज खत आणि भाव हवा, नकाशा कशाला, असा आक्षेप घेतला जाईल. पण आज टाळलेले काम पुढच्या वाणाला उशीर करते. सेंट्रोमियरचा भाग वाणागणिक बदलतो, त्यामुळे परक्या वाणाचा नकाशा पुरेसा नाही. कर्जतचे वाण आणि कोकणातील स्थानिक भात सरकारी खर्चाने वाचले जावेत आणि ती माहिती सर्वांना खुली असावी. त्याआधी स्थानिक बियाणे गोळा करावे लागेल. पोशीर नदीवर धरण प्रस्तावित असताना तर हे काम लांबवणे परवडणारे नाही.